परदेशातली ‘टुरिझम मॅनेजर’ची नोकरी : गटाने कर्ज मंजूर करण्याआधी

मी सोयगाव तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक बोलतेय.

अजिंठ्याची लेणी म्हटलं की लोक जिल्ह्याचं नाव घेतात, पण ती आहेत आपल्या सोयगाव तालुक्यात, फर्दापूर-लेणापूरच्या शिवारात. १९८३ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यामुळे पर्यटन म्हणजे काय, हे आपल्या पोरींना पुस्तकातून शिकावं लागत नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटवर उतरणारे परदेशी पाहुणे, त्यांच्याशी इंग्रजीत, जपानीत बोलणारे गाईड, हे त्या लहानपणापासून बघतात. त्यातल्या काही आता बारावी झाल्यात, काही बीए झाल्यात, एखादीने टुरिझमचा कोर्सही केलाय. आणि मग मोबाईलवर जाहिरात येते : ‘दुबईत टुरिझम मॅनेजर पाहिजेत. राहणं-खाणं फुकट. अनुभवाची गरज नाही.’ आठ दिवसांत पोरीची आई गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज घेऊन येते.

अशा अर्जाचं गटाने काय करायचं, ते आज बोलू. सरळ ‘नको’ म्हणणं सोपं आहे. पोरगी एकटी कशी जाईल, लोक काय म्हणतील, लग्नाचं काय, असे प्रश्न बैठकीत येतातच. पण पोरीने बाहेर जाऊ नये असं माझं मत नाही. जायचं तर कुठल्या दारातून जायचं, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी त्या जाहिरातीतली दोन वाक्यं एकत्र वाचा. ‘मॅनेजर’ आणि ‘अनुभवाची गरज नाही’. नवी सून घरात आली त्याच दिवशी तिच्या हातात कोठीच्या किल्ल्या देणारी सासू कुणी पाहिलीय का? हॉटेलातही तसंच असतं. पर्यटनातली बहुतेक कामं हॉटेल, ट्रॅव्हल कंपनी, विमानतळ आणि प्रेक्षणीय ठिकाणं इथेच असतात. नवीन माणूस तिथे लागतो तो रिसेप्शनवर, खोल्या आवरायच्या खात्यात म्हणजे हाऊसकीपिंगला, जेवणाच्या हॉलमध्ये वाढायला, नाहीतर तिकीट काढायच्या काउंटरवर. तिथे दोन-चार वर्षं काढली की सुपरवायझर, आणि त्यानंतर कधीतरी मॅनेजर. खोल्या आवरण्यात कमीपणा काही नाही, मोठमोठ्या हॉटेलांचे अधिकारीही शिकाऊ असताना ते काम करूनच पुढे गेलेत. पण ज्या कामाला जायचं त्याचं खरं नाव पोरीला घरातून निघण्याआधी माहीत पाहिजे.

या ‘मॅनेजर’ शब्दात आणखी एक गोम आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. कुठलं काम या कायद्याखाली येतं, याची त्यात यादी दिलीय. त्यात हॉटेल, उपाहारगृह, चहाचं दुकान इथली नोकरी येते, पण व्यवस्थापकाच्या पदावरची नोकरी वगळून. म्हणजे वेटर म्हणून, हाऊसकीपर म्हणून गेलीस तर हा कायदा तुझ्या बाजूने उभा आहे. कागदावर ‘मॅनेजर’ लिहिलं की तू त्या यादीच्या बाहेर. पोरीला मोठं वाटावं म्हणून लिहिलेल्या शब्दानेच तिच्या डोक्यावरचं छप्पर निघतं, आणि तिकडे गेल्यावर काम मात्र खोल्या आवरायचंच मिळतं.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. जी दहावी पास नाही तिच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया, थायलंड वगैरे ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची, म्हणजे उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची, आधी परवानगी लागते. आपल्याला जवळचं असं कार्यालय मुंबईत आहे. बाईच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. ईसीआर पासपोर्ट असेल तर वय ३० पूर्ण पाहिजे आणि जायचं तेही सरकारने नेमून दिलेल्या भरती संस्थांमार्फतच. खाजगी एजंट तिला पाठवूच शकत नाही. त्यामुळे आठवी-नववी शिकलेल्या ताईला कुणी ‘पंचवीस वर्षांची आहेस तरी चालतंय, मी करतो सगळं’ म्हणाला, तर तो खोटं बोलतोय हे तिथल्या तिथे ओळखा.

दहावीच्या पुढे शिकलेल्या मुलीला हा शेरा नसतो. तिला परवानगी लागत नाही, ती थेट विमानात बसू शकते. ऐकायला बरं वाटतं. पण याचा अर्थ असा की तिचे कागद सरकारी नजरेखालून जातच नाहीत. कमी शिकलेलीसाठी दारावर निदान एक राखणदार आहे, शिकलेलीला स्वतःची राखण स्वतःच करायची आहे. बीए झालेली पोरगी फसणार नाही, असं धरून चालू नका. तीही ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद स्वखुशीने करू शकते. ती जरूर करायला लावा.

आता एजंट. परदेशी नोकरीची भरती करणाऱ्याकडे भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर सगळ्यांना बघता येते. आपल्या गटातली बँक सखी, नाहीतर कॉलेजात जाणारी कुणाचीही लेक, पाच मिनिटांत नाव घालून शोधेल. नाव नसेल तर विषय संपला. ‘आमची मुख्य कंपनी नोंदलेली आहे, मी तिचा सब-एजंट’ हे आपल्या भागात फार ऐकू येतं. तर त्या मुख्य कंपनीला, यादीत दिलेल्या नंबरवर, स्वतः फोन लावा. एजंटाने दिलेल्या नंबरवर नाही.

परवाना असलेला एजंट तरी किती पैसे घेऊ शकतो? जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. तायांनो, हा आकडा लिहून ठेवा, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कारण आपल्याकडे मागणी होते ती लाखाच्या पुढे.

आमच्या एका गटात असा अर्ज आला होता. मुलगी बीए, आई गटाची जुनी सभासद, परतफेडीत एक हप्ता चुकलेला नाही. मागणी दीड लाखाची. अर्धे गटाचं अंतर्गत कर्ज, अर्धे ग्रामसंघाच्या निधीतून. आईच्या शब्दावर सगळ्या सह्या करायला तयार होत्या. तेवढ्यात गटाची अध्यक्ष म्हणाली, ‘पगार कोण देणार आहे ते कागदावर कुठं लिहिलंय, ते मला दाखवा.’ कागद होता तो व्हिजिट व्हिसाचा, म्हणजे पाहुणा म्हणून जाण्याचा. पगार देणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं, कारण पाहुण्याला पगार नसतो. एजन्सीचं नाव यादीत सापडलं नाही. एजंटाला फोन केला तर म्हणाला, ती यादी जुनी आहे, आणि शनिवारपर्यंत पैसे नाही भरले तर जागा दुसरीला जाईल.

मग आम्ही बैठकीतच फळ्यावर हिशोब मांडला, तो तुम्हालाही सांगते. समजा दुबईत पगार १,५०० दिरहम. एका दिरहमचे साधारण २३ रुपये धरले तर ३४,५०० रुपये होतात. आकडा भरतो. पण जेवण, फोन, येणं-जाणं, आजारपण यातून उरून ती घरी ७०० दिरहम पाठवते असं धरलं, तर हातात येतात १६,१०० रुपये. दीड लाखाला गटाचं महिन्याला दोन टक्के व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याला तीन हजार व्याजातच गेले. आलेला सगळा पैसा कर्जात भरला तरी ते फिटायला साडेदहा-अकरा महिने लागतात. घरात एक रुपया न खर्चता. जवळजवळ वर्षभर पोरगी राबणार ती एजंटाचे पैसे फेडायला. तेच कायद्यातले ३५,४०० रुपये असते तर कर्ज तिसऱ्या महिन्यात मिटलं असतं. आणि मधेच काम सुटलं तर? तेव्हा हप्ता कोण भरणार? आई भरणार, आणि आईचा कापूस बोंडअळीने गेला तर गट भरणार.

गटाने अर्ज फेटाळला नाही, पुढे ढकलला. ठरावात लिहिलं की नोकरीचं पत्र आणि एजन्सीचा परवाना क्रमांक आणल्यावर पुन्हा विचार करू. तोवर पासपोर्टसाठी आणि इंग्रजी बोलण्याच्या क्लाससाठी छोटी रक्कम दिली. साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत निघतो, तात्काळचे दोन हजार वरून. कुणी पासपोर्टचेच दहा-पंधरा हजार मागत असेल तर त्याला रामराम करा. एजंटाची शनिवारची मुदत गेली, जागा काही दुसरीला गेली नाही. तो पुढे दोन महिने फोन करत होता. मुलगी आज छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे आणि दोन वर्षं तिथे काढून मग बाहेरचे अर्ज करायचे म्हणतेय.

खरं नोकरीचं पत्र कसं असतं, तेही सांगते. दुबई-अबुधाबी म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतल्या खाजगी कंपनीला तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातच पत्र द्यावं लागतं. त्यात कामाचं नाव, मूळ पगार, भत्ते, तास, सुट्टी, सगळं असतं. हा नमुना हिंदीतही मिळतो. तेव्हा ‘इंग्रजी-अरबी आहे, तुम्हाला कळायचं नाही’ असं कुणी म्हटलं तर हिंदी प्रत मागा. मूळ पगार किती आणि भत्ता किती, हे वेगळं बघा. एकूण आकडा मोठा दिसतो, पण नोकरी सोडताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात.

तिथला २०२१ चा कामगार कायदा कागदावर तरी चांगला आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. उमेदवारीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. वर्ष झालं की ३० दिवसांची पगारी रजा. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही. आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. हे कायदे सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणत नाही. पण माहीत असलेली पोरगी ‘माझा पासपोर्ट द्या’ असं ठणकावून म्हणू शकते, माहीत नसलेली गप्प राहते.

व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे. पकडलं तर मालकाला दंड होईल, पण पोरीलाही देश सोडावा लागतो, आणि मधल्या दिवसांचा पगार मागायला कुठे जाणार?

थायलंडचं तर वेगळंच. चांगल्या पगाराच्या नोकरीचं सांगून थायलंडला न्यायचं, तिथून सीमेपार म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबायचं, असे प्रकार झालेत. भारत सरकारने २०२२ पासून त्याबद्दल जाहीर इशारे दिलेत. त्यात अडकलेली पोरं कॉम्प्युटर शिकलेली होती. म्हणून पुन्हा सांगते, शिक्षण एकटं पुरत नाही.

बरं, मग चांगली दारं कुठली? मला विचाराल तर ज्या देशात जायचं त्याची भाषा शिकणं हे सगळ्यात पक्कं दार. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. सुरुवातीचा आकडा दहा हजारांचा ठरला. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर रिसेप्शनिस्ट, वेटर, स्वयंपाकी, हॉटेल व्यवस्थापक, हाऊसकीपर अशी पर्यटनातली कामंही आहेत, आणि जर्मन भाषा शिकवायची जबाबदारी राज्याने घेतली. करार झाला म्हणजे उद्या विमान, असं मात्र नाही. भाषा शिकायला आणि आपलं प्रमाणपत्र तिकडे मान्य व्हायला बराच काळ जातो. शिक्षण विभागाकडे चौकशी करा, आणि या कराराच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

जपानचं आपल्याला जास्त जवळचं वाटावं. अजिंठ्याला बुद्धाच्या ओढीने जपानी लोक येतात. लेण्यांच्या परिसराच्या विकासालाही जपान सरकारने कर्ज दिलेलं आहे. जपानने २०१९ पासून ठरावीक कौशल्यांच्या कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्यातल्या क्षेत्रांत हॉटेलातलं काम आहे, आणि २०२१ मध्ये त्याबद्दल भारताशी समझोताही झालाय. कामाची परीक्षा आणि भाषेची परीक्षा, दोन्ही पास व्हाव्या लागतात. जपानी भाषेच्या परीक्षेचे पाच टप्पे आहेत. एन-५ सगळ्यात सोपा, आणि या व्हिसाला एन-४ किंवा त्याच्या तोडीची परीक्षा लागते. ही परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात होते, पुणे-मुंबईला केंद्रं आहेत. आणि यात एक फायदा असा की उद्या जपानला जाणं झालंच नाही तरी शिकलेलं वाया जात नाही. फर्दापूरला जपानी बोलणारी मुलगी गाईड म्हणून उभी राहिली तर तिला काम शोधत फिरावं लागणार नाही.

गाईडवरून आठवलं. परदेश बघायचाय, पण घर-संसार इथेच ठेवायचाय, अशांसाठी टूर मॅनेजरची नोकरी आहे. आपल्या मराठी माणसांनीच मोठ्या केलेल्या कंपन्या आहेत. केसरी पाटलांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. अशा कंपन्या पन्नास-पन्नास जणांना घेऊन युरोप, सिंगापूर, दुबई फिरवतात, आणि त्यांच्याबरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर लागतो. फक्त बायकांच्या सहलीही निघतात. इथे पगार देणारा भारतात, तक्रार करायची तर भारतात, आणि सहल संपली की पोरगी घरी. काम सोपं नाही हं. कुणाचा पासपोर्ट हरवतो, कुणाची साखर वाढते, कुणाला बारा हजार किलोमीटरवर गरम भाकरी पाहिजे असते. पण गटाचा आनंद मेळावा ज्या मुलीने सांभाळलाय, तिला हे जमेल असं मला वाटतं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे, पदवीनंतर तिथे शिकता येतं. घरी राहून करायचं तर इग्नूचा पर्यटनाचा डिप्लोमा आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सहायकाचा ऑनलाइन कोर्सही आहे. आणि फी भरायची ऐपतच नसेल तर आपल्या ‘उमेद’च्याच छत्राखाली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना चालते. त्यात १५ ते ३५ वयाच्या गरीब घरातल्या मुलामुलींना राहण्या-जेवण्यासह फुकट प्रशिक्षण मिळतं आणि त्यात हॉटेलातली कामंही असतात. तुमच्या सीआरपी ताईला विचारा, पुढची बॅच कधी आणि कुठे आहे.

जहाजावरच्या नोकऱ्यांबद्दल एकच वाक्य : क्रूझवर कामाला लावणाऱ्या एजन्सीला जहाजबांधणी नव्हे, तर नौवहन महासंचालनालयाचा वेगळा परवाना लागतो, आणि नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला तिथे बंदी आहे.

सगळं तपासून झालं आणि पोरगी निघाली, तर निघण्याआधी एवढं करा. परराष्ट्र मंत्रालयातर्फे निघणाऱ्यांसाठी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण असतं, ते चुकवू नका. प्रवासी भारतीय विमा योजना घ्या. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. ईसीआर पासपोर्टवाल्यांना तो सक्तीचाच आहे. प्रमाणपत्रांवर लागतील ते शिक्के इथेच मारून घ्या, मूळ प्रमाणपत्र एजंटाकडे ठेवू नका.

आणि नंबर, पेन घ्या. परदेशी नोकरीबद्दल काहीही विचारायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्र, १८०० ११ ३०९०, फोन फुकट, दिवसरात्र. पोरगी दुबईत असेल तर तिने तिथून लावायचा ८०० ४६३४२. पगार अडला, पासपोर्ट अडकवला, तर ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर घरचं माणूसही इथून तक्रार नोंदवू शकतं. आणि एजंटाला ऑनलाइन पैसे गेले आणि तो गायब झाला, तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, एजंटाच्या पावत्या आणि तिकडच्या राहण्याचा पत्ता, या पाच कागदांची एक-एक झेरॉक्स गटाच्या पेटीत कर्जाच्या कागदाबरोबर ठेवा.